गोष्ट तोंडपाठ आहे, तरी घसरगुंडीवरून ढकललं

ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीला. आजी रोज रात्री त्याला देवाच्या, संतांच्या गोष्टी सांगते आणि त्याला त्या इतक्या पाठ आहेत की आजी मधेच एखादं वाक्य विसरली तर तोच आठवण करून देतो. तर झालं असं की सोसायटीत हाऊसकीपिंगला येणाऱ्या मावशी शाळेला सुट्टी असली की आपल्या मुलीला बरोबर आणतात, ती घसरगुंडीवर चढली आणि ह्याने "तू खाली उतर, तू आमच्या सोसायटीची नाहीस" असं म्हणून तिला ढकललं, तिचं कोपर सोलवटलं. आणि त्याच रात्री, एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं ती गोष्ट ह्याच मुलाने आजीला हातवारे करून सांगितली, एक शब्द न चुकता. आजी म्हणाली असं वागणाऱ्याला देवबाप्पा शिक्षा करतो, हात झडतात, तर आता पोरगा रात्री लाईट बंद करू देत नाहीये. मिस्टरांचं म्हणणं, दहा वर्षांचा होईपर्यंत ह्या सगळ्या गोष्टी बंद करा, आणि त्यांनी फॅमिली ग्रुपवर एक बातमी पण टाकली की धार्मिक घरातली मुलं इतरांशी कमी वाटून घेतात. ताई विचारतायत, खरंच बंद करू का? नाहीतर मग कुठल्या सांगू? आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र मुस्लिम घरातला आहे, तो आला की आमच्याच गोष्टी सांगत बसणं बरं दिसतं का?

ताई, गोष्टी बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल. गोष्टी त्याच राहू देत, सांगणारी आजीही तीच राहू दे, फक्त गोष्ट सांगताना थांबायची जागा बदला. आपण सगळे गोष्टीच्या शेवटी थांबतो, देव प्रसन्न झाला, म्हणून बाळा दया करावी, चल आता डोळे मीट. पण समोरच्याचं दुखणं पोराला कळायला हवं असेल तर गोष्ट मधेच थांबायला हवी, जिथे कोणाला तरी तहान लागलीय, चटका बसलाय, कोणाला तरी हाकलून दिलंय, तिथे. तिथे जरा वेळ बसायचं. घाई नाही करायची.

आधी मिस्टरांच्या बातमीचं बघू. तो अभ्यास २०१५ साली करंट बायोलॉजी नावाच्या जर्नलमध्ये आला होता, सहा देशांतली मुलं घेतली होती आणि जगभरच्या पेपरांनी तो उचलून धरला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा तपासला तेव्हा लक्षात आलं की देशांना ओळखीसाठी जे नंबर दिले होते ते हिशोबात खरेखुरे आकडे असल्यासारखे धरले गेलेत. ती चूक दुरुस्त केल्यावर असं निघालं की बऱ्याच बाबतीत मुख्य फरक मुलांच्या धर्माने नाही तर ती कुठल्या देशातली आहेत त्याने पडत होता, आणि २०१९ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. बातमी मात्र अजून फिरतेय. तेव्हा तिच्या जोरावर आजीच्या गोष्टी बंद करायचं काही कारण नाही, हे त्यांना प्रेमाने सांगा, वाद घालायला म्हणून नको.

पण मिस्टरांचा एक मुद्दा बरोबर आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते. भीतीचा. २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, मुलांना खोलीत एकटं ठेवायचं, मागे खेळणं, वळून बघायचं नाही असं सांगायचं, आणि नंतर बघितलंस का विचारायच्या आधी एक गोष्ट वाचून दाखवायची. काही मुलांना लांडगा आला रे आला सांगितली, काहींना खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याची, आणि काहींना अशा मुलाची ज्याने झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगितलं आणि वडील म्हणाले तू खरं बोललास ह्याचा मला आनंद आहे. शिक्षेच्या गोष्टी ऐकून खोटं बोलणं कमी झालं नाही. खरं बोलल्याचं कौतुक होतं ती गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. आता हा अभ्यास खरं-खोटं बोलण्याचा आहे, दयेचा नाही, हे मान्य, पण शिक्षेची धास्ती घेतलेलं पोर स्वतःलाच सांभाळत बसतं हे तुम्ही रात्रीच्या लाईटवरून बघताच आहात. हात झडेल ह्या भीतीत त्याच्या डोक्यात फक्त स्वतःचा हात आहे. त्या मुलीचं कोपर कुठेच नाही.

आणि आजींना हे कसं सांगायचं? पसायदान आहे ना. तुमच्या घरी रोज म्हणत असाल, नसाल तरी आजींना पाठ असणारच. १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरांनी देवाकडे मागितलं ते असं की "जे खळांची व्यंकटी सांडो", म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा जाऊ दे. दुष्टांना शिक्षा दे असं नाही मागितलं त्यांनी. ज्या भावंडांना स्वतःला गावाने वाळीत टाकलं होतं त्यांच्यातला एक हे मागतोय. आजींना एवढंच म्हणा की आई, आपल्या घरचा देव हात झडवणारा नको, हा वाकडेपणा काढणारा असू दे. माझा अनुभव असा आहे की ज्यांनी आयुष्यभर मनापासून देवाचं केलंय त्या बायकांना हे पटकन पटतं, हात झडेल हे त्या नुसतं सवयीने बोलतात, त्यांच्या आईने त्यांना तसंच घाबरवलेलं असतं.

आता मूळ प्रश्न, गाढवाची गोष्ट पाठ असलेला मुलगा मुलीला ढकलतो कसा. ह्यात ढोंग वगैरे काही नाही हो, प्लीज तसं समजू नका, मुलगा वाईट नाहीये. त्याला कळलंय ते एवढंच की तहानलेल्या गाढवाला पाणी द्यावं. घोडबंदर रोडला त्याला तहानलेलं गाढव दिसलेलं नाही. गोष्टीतून आपल्या वागण्यात येण्याची उडी लहान मुलाला एकट्याने घेता येत नाही, आणि त्यात प्राणी असले तर ती अजून लांब पडते. टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर हेच करून बघितलं, वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांची करून वाचली आणि काहींना प्राण्यांची करून, नंतर मुलांना आपले स्टिकर दुसऱ्याला द्यायची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त दिले. म्हणून प्राण्यांच्या गोष्टी सोडा असं मी म्हणत नाहीये, नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ती गोष्ट तर मुलांनी घरभर धावत करून बघायची गोष्ट आहे, एकाने कुत्रा व्हायचं एकाने नामदेव. पण त्याच्या जोडीला माणसांची गोष्ट हवी.

आणि ती एकनाथ महाराजांचीच आहे. गाढवाची सगळ्यांना माहीत, ही कमी सांगितली जाते. पैठणला भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटात एक लहान पोर चुकलेलं, आई कुठे दिसत नाही, वाळू तापलेली, पाय भाजतायत आणि ते रडतंय. लोक नदीवर येतायत जातायत पण कोणी उचलत नाही कारण ते पोर अस्पृश्य मानलेल्या जातीतलं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं, नाक पुसलं, त्याच्या वस्तीत नेऊन आईच्या हातात दिलं. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या पैठणला, तेही स्वतः ब्राह्मण असताना, हे करणं किती मोठं होतं ते आपल्याला मोठेपणी कळतं.

ही गोष्ट सांगताना "नाथ किती थोर" इथपर्यंत धावत जाऊ नका. वाळूत थांबा. विचारा, त्याचे पाय कसे झाले असतील रे? मे महिना असेल तर दुपारी खाली घेऊन जा आणि पेव्हर ब्लॉकवर तुमचा हात धरून एक क्षण अनवाणी पाय टेकवू दे, लगेच उचलेल तो. मग विचारा, एवढी माणसं होती तर कोणी उचललं का नाही त्याला? इथे बरेच आईबाबा जात हा विषय गाळतात, लहान आहे, कशाला आत्ताच. माझं स्पष्ट मत आहे, गाळू नका. तो भाग काढला तर गोष्टीत उरतं काय, एक हरवलेलं मूल आणि एक दयाळू काका. साडेपाच वर्षांच्या मुलाला असं सांगता येतं: त्या काळात माणसांनीच एक फार वाईट नियम केला होता, की काही लोकांना इतरांनी हात लावायचा नाही, जवळ घ्यायचं नाही, ते आपले नाहीत. बस. तो नियम देवाने केला नव्हता हेही सांगा. आणि "ते आपले नाहीत" हे म्हणून झाल्यावर गप्प बसा. "तू पण तसंच केलंस की नाही?" असं लगेच त्याच्या अंगावर टाकू नका. त्या दिवशी नाही तर चार दिवसांनी, आंघोळ करताना, स्कूल बसची वाट बघताना तो स्वतः त्या मुलीचं नाव काढेल. नाही काढलं तर तुम्ही काढा, पण गोष्टीपासून वेगळं, साध्या शब्दांत, तिचं कोपर बरं झालं असेल का रे?

आता आजींसाठी खास एक गोष्ट, आणि ही माझी सगळ्यात आवडती. खुलभर दुधाची कहाणी. श्रावणी सोमवारची. आजींना येतच असेल, तुम्हीही लहानपणी ऐकली असेल पण मला विचाराल तर मुलांना दुसऱ्याच्या भुकेकडे बघायला शिकवणारी ह्याच्याइतकी चांगली गोष्ट आपल्याकडे नाही आणि आपण ती फक्त व्रताची म्हणून वाचून मोकळे होतो.

आटपाट नगर होतं, तिथल्या राजाला वाटलं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, सोमवारी सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणायचं. लोक घाबरले, कोणी घरात थेंब ठेवला नाही, वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही. सगळ्या गावाचं दूध ओतलं तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली, तिने घरातलं काम आवरलं होतं, पोराबाळांना दूध दिलं होतं, वासरांना पाजलं होतं, सगळे तृप्त झाल्यावर जे खुलभर, म्हणजे अगदी थोडंसं उरलं ते घेऊन आली, आणि तेवढ्याने गाभारा भरला. राजाला कळेना. त्याने पाळत ठेवली, शेवटी स्वतः येऊन बसला आणि म्हातारीला धरलं. ती घाबरली, त्याने अभय दिलं, तेव्हा तिने सांगितलं की तुझ्या हुकमाने वासरं तळमळली, मुलं तळमळली, मोठ्यांनी हाय हाय केलं, ते देवाला आवडलं नाही.

आता ह्यात थांबायची जागा कुठली? गाभारा भरतो तिथे नाही. त्या सोमवारच्या सकाळी. आजींना सांगा की दवंडी पिटल्यावर गोष्ट थांबवा आणि पोराला एकेका घरात घेऊन जा. ह्या घरात एक तान्हं बाळ आहे, त्याच्या आईच्या हातात दुधाचं भांडं आहे, ती देवळाकडे निघालीय, बाळ काय करत असेल? गोठ्यात वासरू बांधलंय, गाईला दूध आहे पण पाजायचं नाही, गाईला काय वाटत असेल? आणि त्या आईला? तिला द्यायचं नाहीये पण राजाची भीती आहे. मुलं इथे भन्नाट उत्तरं देतात, वासराने दावं तोडलं असेल म्हणतात, आईने थोडं दूध लपवलं असेल म्हणतात, देऊ दे, त्यातलं कुठलंच चूक नाही. फक्त तोंडी परीक्षा घेतल्यासारखं प्रश्नांमागून प्रश्न नको. एक विचारायचा आणि खरंच वाट बघायची. "माहीत नाही" म्हणाला तर आजींनी म्हणावं, मला तर वाटतं बाळ फार रडलं असेल, आणि पुढे जावं.

दुसरं म्हणजे ह्यातला राजा वाईट नाहीये. तो देवासाठीच करत होता, आणि तरी त्याच्यामुळे मुलं उपाशी राहिली. चांगलं करतोय असं वाटत असताना आपण कोणाला तरी दुखवलेलं असू शकतं, हे मुलाला कळणं फार मोलाचं आहे. राजाला शिक्षा झालेली नाही. त्याला कळलं आणि त्याने बदल केला, एवढंच. तुमच्या मुलाला आत्ता नेमकी हीच गोष्ट हवीय, ज्यात चुकलेला माणूस सुधारतो आणि त्याचा हात झडत नाही. श्रावणात तलावपाळीला कौपिनेश्वराच्या देवळात गेलात तर गाभाऱ्याच्या बाहेर उभं राहून आजींनी ही कहाणी पुन्हा सांगावी, मुलांना जागा दिसली की गोष्ट खरी होते.

मित्राचं विचारलंत. बरं दिसतं का काय, फार छान दिसतं, फक्त एकतर्फी नको. त्याच्या दादींना किंवा अम्मीला सांगा की तुमच्याकडची तहानलेल्या कुत्र्याची गोष्ट मुलांना सांगा, त्यांना नक्की माहीत असेल, हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांमध्ये आहे. एक वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरून पाणी पितो, वर येऊन बघतो तर एक कुत्रा तहानेपायी ओली माती चाटतोय, त्याला वाटतं आत्ता माझी जी दशा होती तीच ह्याची. तो परत उतरतो, पायातल्या जोड्यात पाणी भरतो, जोडा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. "माझी जी दशा होती तीच ह्याची", बघा, तुम्हाला मुलाला जे शिकवायचंय ते सगळं त्या माणसाच्या मनात आलेल्या एका विचारात आहे. मग आजींनी नाथांच्या गाढवाची सांगावी. आणि तिसरी शिखांची सांगा, भाई कन्हैया आनंदपूरच्या लढाईत जखमी शत्रूंनाही पाणी पाजायचे, तक्रार गुरू गोविंदसिंगांपर्यंत गेली, तर भाई कन्हैया गुरूंना म्हणाले मला त्या सगळ्यांत तुम्हीच दिसता, आणि गुरूंनी रागवायच्या ऐवजी त्यांना मलम दिलं, हेही लाव म्हणून. तीन घरांतल्या तीन पाण्याच्या गोष्टी. दोन्ही मुलं एकत्र बसून ऐकतील त्या दिवशी बाहेर पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं तेच ठेवतील, तुम्हाला सांगावं पण लागणार नाही.

पण तुमच्या घसरगुंडीच्या प्रसंगाला सगळ्यात जवळची गोष्ट येशूने सांगितलेली आहे, चांगल्या शोमरोन्याची. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर चोरांनी एकाला मारून अर्धमेला टाकलाय, देवळातले दोन मोठे लोक बाजूने निघून जातात, आणि थांबतो कोण, तर ज्यांना तिथले लोक आपलं मानत नव्हते त्या शोमरोनी लोकांतला एक. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, स्वतः पैसे भरतो. ह्यात परका माणूस दया घेणारा नाही, दया करणारा आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण आपल्या बऱ्याच गोष्टींत गरीब, परका नेहमी घेणारा असतो आणि मुलाच्या डोक्यात बसतं की मी देणारा, ती घेणारी. तलावपाळीजवळच सेंट जॉन चर्च आहे, तिकडून जाताना सांगायला सोपी पडेल.

काही गोष्टी मात्र आत्ता थांबवा. एकलव्याचा अंगठा आठ-नऊ वर्षांनंतर, आणि तेव्हाही गुरुभक्ती म्हणून गुंडाळू नका, पोराने "पण हे बरोबर नाही" म्हटलं तर "मलाही नाही वाटत" म्हणा. गणपती आणि चंद्राची आत्ता चालेल, पण शापावर जोर न देता, चंद्र हसला तेव्हा बाप्पाला कसं वाटलं आणि चंद्राने माफी मागितल्यावर बाप्पाने शाप कमी केला ह्यावर.

आणि आता थोडं कडू. "तू आमच्या सोसायटीची नाहीस" हे वाक्य साडेपाच वर्षांच्या मुलाने स्वतः बनवलेलं नाही ताई. ते त्याने ऐकलंय. लिफ्टमध्ये, गार्डनमध्ये, कदाचित कोणीतरी वॉचमनला झापताना. तुमच्याकडे गार्डनमध्ये फक्त रहिवाशांची मुलं असा बोर्ड आहे का? मदतनीसांसाठी वेगळी लिफ्ट आहे का? असेल तर मुलगा त्या बोर्डाप्रमाणेच वागला, आणि नाथांची गोष्ट रोज रात्री दहा मिनिटं आणि तो बोर्ड दिवसभर. हे आपल्या ठाण्यात नव्या टॉवरमध्ये सर्रास आहे आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

म्हणून आधी त्या मावशींना भेटा, मुलाला पुढे करून सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावू नका, त्याने मुलगी आणि मावशी दोघी अजून अवघडतील आणि नोकरीच्या ठिकाणी त्या "असू दे हो" शिवाय काय बोलणार. तुम्ही स्वतः जाऊन सांगा की आमच्या मुलाचं चुकलं, तिला पुढच्या वेळी नक्की आणा. तिचं नाव विचारून या आणि घरी त्याच नावाने बोला, "मावशींची मुलगी" नको. ती आली की दोघांना खेळायला एक बॉल द्या आणि बाजूला बसा. जुनी खेळणी दान वगैरे ह्या वेळी अजिबात नको, आधी ती त्याची मैत्रीण होऊ दे. आणि बोर्ड असेल तर पुढच्या मिटिंगला विषय घ्या, मिस्टरांना बरोबर घेऊन, मला वाटतं ह्या बाबतीत तुम्ही दोघं आणि आजी तिघं एकाच बाजूला असाल. कमिटीने काय म्हटलं ते मला जरूर कळवा, नाही म्हणाले तरी कळवा, मग पुढे काय करता येईल ते बघू.